हॅल्स्टेड रस्त्यावरचे घर: स्थलांतरितांचा शेजार आणि त्याचा इतिहास

१/२४
सप्टेंबर १८८९. शिकागोच्या पश्चिम भागातील हॅल्स्टेड रस्त्यावर दोन सुशिक्षित तरुणी एका जुन्या विटांच्या घरात राहावयास आल्या. एक जेन ॲडम्स, दुसरी एलेन गेट्स स्टार. सभोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन आणि रशिया-पोलंडातून आलेली ज्यू कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. या दोघींनी तेथे अनाथाश्रम काढला नाही की अन्नछत्र उघडले नाही. त्या शेजारी म्हणून राहू लागल्या. 'हल हाउस' या नावाने ते घर पुढे जगभर ओळखले गेले. आजच्या थ्रेडमध्ये त्याचा इतिहास पाहू. या कथेचे एक टोक आपल्या मुंबईत, नागपाड्यात आहे. तेथपर्यंत अवश्य या.

२/२४
प्रथम पार्श्वभूमी. १८३३ मध्ये शिकागो हे काही शे वस्तीचे गाव होते. १८९० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे ११ लाख भरली आणि न्यूयॉर्कच्या खालोखाल ते अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे शहर ठरले. रेल्वे, कत्तलखाने, पोलाद आणि शिवणकाम या उद्योगांना माणसे हवी होती. ती युरोपातून येत होती. १८९० मध्ये शहरातील दर १० रहिवाशांपैकी ४ परदेशात जन्मलेले होते. त्यांची येथे जन्मलेली मुले धरली तर हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्याही पुढे जाते.

३/२४
हे लोक राहत कसे होते? हॅल्स्टेड रस्त्याच्या आसपासची लाकडी घरे मुळात एकेका कुटुंबासाठी बांधलेली होती. आता एकेका घरात अनेक बिऱ्हाडे होती. नळ अंगणात, आणि तोही सामाईक. कपड्यांचे कारखानदार कापलेले कापड ठेकेदाराला देत, ठेकेदार ते घरोघरी शिवावयास वाटत. ज्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणे, त्याच खोलीत आई आणि मुले रात्री उशिरापर्यंत टाके घालीत बसत. मजुरी नगावर मिळे आणि नगाचा दर ठेकेदार ठरवी.

४/२४
अशा वस्तीत सुखवस्तू माणसाने स्वतः जाऊन राहावे, ही कल्पना लंडनची. १८८४ मध्ये सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल येथे 'टॉयन्बी हॉल' स्थापन केला. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत मुक्काम करावा, हे त्यामागचे सूत्र होते. या चळवळीला 'सेटलमेंट' म्हणतात. दानधर्म करणारा येतो, देतो आणि परत जातो. येथे परत जाणे नव्हते. जेन ॲडम्सने १८८८ मध्ये टॉयन्बी हॉल पाहिला आणि पुढच्याच वर्षी शिकागोत घर शोधले.

५/२४
हे घर १८५६ मध्ये चार्ल्स हल या व्यापाऱ्याने बांधले होते. १८७१ च्या भीषण आगीत शिकागोचा मोठा भाग भस्मसात झाला, तेव्हा ते वाचले. पुढे सभोवतालची वस्ती बदलत गेली आणि घराचे वैभव ओसरले. हलच्या वारस हेलेन कल्व्हर यांनी प्रथम त्याचा काही भाग भाड्याने दिला आणि नंतर भाडे घेणेच सोडून दिले. १९०७ पर्यंत या एका घराभोवती १३ इमारतींचा समूह उभा राहिला होता.

६/२४
सुरुवातीच्या कल्पना मात्र भाबड्या होत्या. भिंतींवर युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती लावल्या गेल्या. स्टार यांनी शेजारच्या तरुणींना जॉर्ज एलियटची 'रोमोला' ही कादंबरी मोठ्याने वाचून दाखविण्यास आरंभ केला. शेजारी आले, पण त्यांची निकड वेगळी होती. नवजात बाळाला आंघोळ कोण घालील? आजाऱ्याजवळ रात्री कोण बसेल? मृताला अखेरचे तयार करावयास कोण येईल? अशी बोलावणी येऊ लागली. दोघी जात राहिल्या, आणि वस्तीला काय हवे हे त्यांना या कामांतून कळू लागले.

७/२४
पहिली मोठी गरज मुलांची निघाली. काही आठवड्यांतच बालवाडी सुरू झाली. पण त्याहून लहान मुलांचे काय? आई कारखान्यात जाताना मूल खोलीत कोंडून जाई. हल हाउसला अशी तीन अपंग मुले आढळली, ज्यांची कथा ॲडम्सने पुढे नोंदविली आहे. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते. दुसरे भाजले होते. तिसऱ्याच्या पाठीचा कणा वाकला होता, कारण तीन वर्षे ते दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधलेले असे. या मातांना निष्काळजी म्हणणे सोपे होते. हल हाउसने पाळणाघर सुरू केले.

८/२४
पुढचा प्रयोग सामुदायिक स्वयंपाकघराचा. बॉस्टनमधील आहारशास्त्रज्ञांच्या पद्धतीने मोजूनमापून, पौष्टिक आणि स्वस्त अन्न शिजवावे व ते शिवणकाम करणाऱ्या कुटुंबांना विकावे, अशी योजना होती. हिशेब चोख होता. गिऱ्हाईक मात्र फिरकले नाही. इटालियन, ज्यू, ग्रीक अशा प्रत्येक घराची चव वेगळी, पथ्ये वेगळी, सणांचे पदार्थ वेगळे. पोषणमूल्यासाठी कोणी आपली जिव्हा गहाण टाकीत नाही. परदेशात आईच्या हातची चव हाच घराचा उरलेला तुकडा असतो, हे त्या आहारतक्त्यात कोठेच नव्हते.

९/२४
तेथेच जोडीला उघडलेले कॉफीगृह मात्र गजबजले. लोकांना बसावयास, बोलावयास, आपल्या भाषेतील मंडळींना भेटावयास जागा हवी होती. तीच गोष्ट स्नानगृहांची. घरात न्हाणीघर नसलेल्या वस्तीत हल हाउसच्या तळघरातील मोजकी स्नानगृहे सतत वापरात असत. गरिबांना स्वच्छतेची आवड नसते, या समजुतीला तो वापर हेच उत्तर होते. तो पुरावा पुढे करून महापालिकेकडे आग्रह धरला गेला आणि १८९४ मध्ये शहराचे पहिले मोफत सार्वजनिक स्नानगृह याच परिसरात झाले.

१०/२४
कामगार मुलींच्या वसतिगृहाची गोष्ट तर एका संपातून निघाली. बुटांच्या कारखान्यातील मुली हल हाउसमध्ये सभेस जमल्या होत्या. संपात सर्वांत आधी कोण मोडते, यावर चर्चा चालली. उत्तर असे निघाले की, जिला खाण्याराहण्याचे पैसे दर आठवड्याला मोजावे लागतात ती. मग मुलींनीच एकत्र राहावे, खर्च वाटून घ्यावा आणि एकीचे काम सुटले तर इतरींनी सांभाळावे, असे ठरले. यातून 'जेन क्लब' हे सहकारी वसतिगृह जन्मले. कारभार मुलींच्याच हाती होता.

११/२४
स्थलांतरित कुटुंबाच्या आत आणखी एक दुःख असते, जे वेतनाच्या आकड्यांत दिसत नाही. मुले शाळेत जातात, नवी भाषा शिकतात, नव्या पद्धतीचे कपडे मागतात. दुकानात, कचेरीत, डॉक्टरकडे आईवडिलांचे दुभाषी तीच होतात. घरातील अधिकार उलटा फिरतो. ज्या बापाने समुद्र ओलांडून मुलांना येथे आणले, तोच त्यांना अडाणी वाटू लागतो. ॲडम्सने ही दरी फार लवकर ओळखली.

१२/२४
एके दिवशी पोल्क रस्त्यावर तिला एक वृद्ध इटालियन स्त्री दिसली. घराच्या पायरीवर बसून ती टकळीसारख्या साध्या साधनावर सूत कातत होती. अशा स्त्रियांच्या हातांत शतकांचे कौशल्य होते. त्यांची मुले ज्या कापड-कारखान्यांत राबत, त्या यंत्रांचे हे पूर्वज. पण मुलांना हा दुवा कोणी दाखविला नव्हता. म्हणून १९०० मध्ये हल हाउसमध्ये 'श्रमसंग्रहालय' उघडले. सीरिया, ग्रीस, इटली, रशिया, आयर्लंड येथील कातण्याच्या पद्धती क्रमाने मांडल्या गेल्या, आणि त्या प्रत्यक्ष करून दाखविणाऱ्या होत्या वस्तीतल्याच आया व आज्या.

१३/२४
अँजेलिना नावाच्या इटालियन मुलीची हकीकत ॲडम्सने 'ट्वेंटी इयर्स ॲट हल-हाउस' या १९१० च्या आत्मचरित्रात दिली आहे. शनिवारी संध्याकाळी ही मुलगी पाकशास्त्राच्या वर्गाला येई, आई संग्रहालयात सूत कातावयास येई. दोघी घरून एकत्र निघत, पण अँजेलिना वेगळ्या दाराने आत शिरे. डोक्याला रुमाल, पायांत जाड बूट, आखूड परकर, अशी आई मैत्रिणींना दिसू नये म्हणून. एके दिवशी तिने पाहिले की, विद्यापीठातून आलेली मंडळी तिच्या आईभोवती उभी राहून तिच्या कसबाची वाखाणणी करीत आहेत. त्यानंतर ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली. वर्गांची संख्या आणि जेवणाच्या ताटांचा हिशेब कोणीही ठेवील. या दाराची नोंद ठेवणे हे इतिहासाचे काम आहे.

१४/२४
पण आदराने भाडे भरता येत नाही. हल हाउसच्या पहिल्याच नाताळात काही लहान मुलींना मिठाई देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. चौकशी केल्यावर कळले की, त्या मिठाईच्याच कारखान्यात कामाला होत्या. सकाळी ७ ते रात्री ९, सलग सहा आठवडे. मिठाईकडे पाहणेही त्यांना नकोसे झाले होते. आणि त्या वेळच्या कायद्यात हे काम बेकायदा नव्हते. प्रेमळ शेजार येथे अपुरा पडत होता. कायद्याची गरज होती.

१५/२४
ती वाट दाखविली फ्लॉरेन्स केली हिने. एंगेल्सच्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथाची ही इंग्रजी अनुवादक १८९१ च्या अखेरीस हल हाउसमध्ये राहावयास आली. १८९३ मध्ये केंद्र सरकारच्या श्रमखात्यासाठी तिच्या देखरेखीखाली घरोघर पाहणी झाली. त्यावरून १८९५ मध्ये 'हल-हाउस मॅप्स अँड पेपर्स' हा ग्रंथ निघाला. लंडनच्या चार्ल्स बूथच्या धर्तीवर काढलेल्या नकाशांत प्रत्येक घर रंगविलेले होते. एका नकाशात कुटुंबाचे मूळ, दुसऱ्यात आठवड्याची कमाई. चौरस मैलाच्या सुमारे एक तृतीयांश भागात १८ राष्ट्रांचे लोक सापडले.

१६/२४
आता 'ही वस्ती आळशी आहे' असे म्हणणाऱ्यापुढे नकाशा ठेवता येत होता. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याने कारखाना कायदा केला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, घरांतील शिवणकामावर तपासणी आणि स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस. राज्यपाल आल्टगेल्ड यांनी केलीलाच मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. शिवाय विरोध कारखानदारांचाच होता असे नाही. मुलाच्या मजुरीवर घर चालणाऱ्या आईबापांनाही हा कायदा जाचक वाटला.

१७/२४
कचऱ्याचा लढा हा या थ्रेडमधील माझा आवडता भाग. रस्त्याकडेच्या लाकडी पेट्या ओसंडून वाहत, मुले त्यांतच खेळत. हल हाउसच्या महिला मंडळातील १२ जणींनी गल्लीबोळ तपासले आणि दोन महिन्यांत नियमभंगाच्या १,०३७ तक्रारी आरोग्यखात्याकडे धाडल्या. फरक पडेना, तेव्हा १८९५ मध्ये ॲडम्सने कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण गाजावाजा एवढा झाला की महापौरांनी तिला वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमले. पहाटे उठून ती गाड्यांच्या मागोमाग फिरे. एका बोळात १८ इंच कचऱ्याखाली फरसबंदी सापडली. रस्ता पक्का आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते!

१८/२४
नवागतांचा सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे स्थानकावर उतरण्याचा. हाती पत्त्याची चिठ्ठी, भाषा अवगत नाही, आणि भोवती टांगेवाले, दलाल व नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणारे एजंट. १९०८ मध्ये हल हाउसच्या वर्तुळातून 'इमिग्रंट्स प्रोटेक्टिव्ह लीग' ही संस्था निघाली; ग्रेस ॲबट तिच्या संचालिका होत्या. लीगची माणसे नवागतांच्या भाषांत बोलत, एकट्या आलेल्या मुली दिलेल्या पत्त्यावर पोहोचल्या का याचा तपास करीत आणि फसविणाऱ्या एजंटांविरुद्ध पुरावे गोळा करीत. स्वदेशातही प्रथमच मोठ्या शहरात उतरलेल्या माणसाला ही भीती परिचित असेल.

१९/२४
आता मर्यादा. हल हाउसची मंडळे आणि वर्ग प्रामुख्याने युरोपीय स्थलांतरितांसाठीच राहिले. दक्षिणेकडील राज्यांतून शिकागोत येणारी कृष्णवर्णी कुटुंबे अमेरिकेचीच नागरिक होती, तरी त्यांना शहरात परक्याहून परके ठरविले जाई. त्यांच्यासाठी १९१० मध्ये आयडा बी. वेल्स यांनी 'नीग्रो फेलोशिप लीग' काढली. वाचनालय, निवारा आणि नोकरीचा शोध अशी तिची कामे. ॲडम्स १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या संस्थापकांपैकी होती. तत्त्व मान्य होते. घराचा उंबरठा मात्र तेवढा रुंद झाला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नोंदविल्या पाहिजेत.

२०/२४
आता मुंबईकडे. विसाव्या शतकाच्या आरंभीची मुंबई हीदेखील बाहेरून आलेल्यांची नगरी. गिरणी कामगार कोकणातून आणि घाटावरून आले. त्यांनी स्वतःची व्यवस्था स्वतःच उभारली. एका गावच्या माणसांची गावकीची खोली, बाईमाणसाने चालविलेली खानावळ, गोव्याहून आलेल्या खलाशांची गावनिहाय 'कूड'. खर्च वाटून घेणे आणि बेकार सोबत्याला सांभाळणे ही जेन क्लबची तत्त्वे येथे कोणा संस्थेविना रुजलेली होती. पण या व्यवस्थांची वेस एकच: गाव, जात, नाते. त्यापलीकडचा शेजारी तिच्या बाहेर राही.

२१/२४
नागपाडा हा तर सर्व धर्मांच्या सरमिसळीचा भाग. १९२५ मध्ये शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आले. १९२६ मध्ये तेथे 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू झाले. नावातच 'शेजार' आहे हे ध्यानात घ्या. पैसा मिशनचा होता, पण रचना सेटलमेंटची: वस्तीतच घर, वाचन, खेळ आणि वर्ग यांसाठी एकच छप्पर. परळ भागात ना. म. जोशी यांची 'सोशल सर्व्हिस लीग' १९११ पासून वाचनालये व रात्रशाळा चालवीत होतीच; त्यामुळे ही भूमी अगदीच नवी नव्हती.

२२/२४
नागपाड्याच्या अनुभवातून मॅन्शार्ट यांना पटले की, अशा कामासाठी सद्भावना पुरत नाही, शिक्षण लागते. टाटा विश्वस्तनिधीच्या आधाराने १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' स्थापन झाले. मॅन्शार्ट पहिले संचालक. १९४४ मध्ये त्याचे नाव बदलले. आज आपण त्याला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' म्हणतो. देवनारच्या त्या आवारात शिकणाऱ्या कित्येकांना आपल्या संस्थेची एक मुळी नागपाड्यातील शेजारघरात आहे, हे ऐकून नवल वाटेल.

२३/२४
आणि हल हाउसचे पुढे काय झाले? ॲडम्सला १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९३५ मध्ये तिचे निधन झाले. १९६० च्या दशकारंभी महापौर रिचर्ड डेली यांच्या कारकीर्दीत विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी हा परिसर निवडला गेला. संस्थेच्या विश्वस्तांनी मोबदला स्वीकारला. लढली ती वस्ती. अग्रभागी होत्या फ्लॉरेन्स स्काला, हल हाउसच्या सावलीत वाढलेल्या इटालियन स्थलांतरितांच्या कन्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. १९६३ मध्ये बहुतेक इमारती पाडल्या गेल्या; मूळ घर आणि भोजनगृह आज संग्रहालय आहे. अन्यत्र काम चालू ठेवणारी संस्थाही २०१२ मध्ये आर्थिक अडचणीने बंद पडली.

२४/२४
या इतिहासात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा आहे. आधी शेजार, मग ऐकणे, मग मोजणी, मग कायदा. जेथे हल हाउसने हा क्रम मोडला, तेथे स्वयंपाकघर ओस पडले; जेथे पाळला, तेथे पाळणाघर भरले, रस्ता सापडला, मुलगी आईच्या दाराने आत आली. आणि घर वाचविण्याची वेळ आली तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडले होते, त्यांचीच लेक न्यायालयात उभी राहिली. आपापल्या शहरात अशी शेजारघरे, गावकीच्या खोल्या, जुनी वाचनालये असतील, तर त्यांची नोंद करून ठेवा. आजी-आजोबा कोणत्या खोलीत उतरले होते आणि तेथे त्यांना पहिले जेवण कोणी वाढले, एवढे विचारले तरी पुरे. उत्तरे खाली लिहा.